ड्रेड स्कॉट : कोर्टात हरला, इतिहासात जिंकला

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केला, हे आपण जाणतोच. त्या अमेरिकेतल्या ड्रेड स्कॉट या गुलामाची ओळख आम्ही इथे करून देत आहोत.

व्हर्जिनियात जन्मलेल्या ड्रेडला लष्करातल्या एका डॉक्टरने विकत घेतलं आणि गुलामीबंदीच्या मुलखात नेऊन राबवलं. तिथेच हॅरिएटशी त्याचं लग्न झालं. पुढे दोघांना मिसुरीत, म्हणजे पुन्हा गुलामीच्या राज्यात आणलं. १८४६ साली नवरा-बायकोने सेंट लुईसच्या कोर्टात सुटकेचा दावा लावला. लिहिता येत नव्हतं, सहीच्या जागी फुली मारली. दोन लेकींचं भवितव्य त्यावरच होतं.

११ वर्षं हेलपाटे घातले. १८५० साली जिंकले. १८५२ साली वरच्या कोर्टाने निकाल फिरवला. १८५७ साली सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी ठरवलं, की काळा माणूस देशाचा नागरिकच नाही, आणि नव्या प्रदेशांत गुलामी रोखायचा हक्क संसदेलाही नाही. झालं! तडजोडीची वाटच बुजली. उत्तरेत संताप उसळला. १८६० साली गुलामीचा फैलाव रोखू म्हणणारा लिंकन निवडून आला, तशी दक्षिणेची राज्यं फुटू लागली. १८६१ साली यादवी पेटली.

ड्रेडला १८५७ सालीच नव्या मालकाने मुक्त केलं, पण पुढच्याच वर्षी तो क्षयाने गेला. १८६५ साली गुलामी कायद्याने संपली. १८६८ साली काळ्यांचं नागरिकत्व घटनेत आलं. म्हणून आम्ही सांगतो, निकाल विरुद्ध गेला तरी हक्क सोडायचा नसतो.