उघडे दार

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारला. स्वदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस ‘शारदा सदन’ उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास आले. तेथील ब्राह्मण विधवांच्या सोवळ्याओवळ्यास व पूजेअर्चेस रमाबाईंनी धक्का लावला नाही. त्यांचा स्वयंपाकही निराळा होई.

स्वतः रमाबाई मात्र कन्या मनोरमेस जवळ घेऊन आपल्या खोलीत नित्य प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. कोणास बोलावणे नसे आणि कोणास मज्जावही नसे. हळूहळू काही मुली आत येऊन बसू लागल्या.

पुण्यात गवगवा झाला. विश्वासाने सोपविलेल्या मुली परधर्मात जातील, ही पालकांची भीती अगदीच निराधार नव्हती. पुढे काही मुली ख्रिस्ती झाल्याही. दार लावून घेतले असते, तर वादळ कदाचित शमले असते. पण रमाबाईंनी ते लावले नाही. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेकांनी आपल्या मुली परत नेल्या. त्याच वर्षी सदनाची विद्यार्थिनी गोदूबाई हिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. ती हिंदूच राहिली होती.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून भुकेने खंगलेल्या शेकडो मुली केडगावी आणल्या. त्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळातच गेले होते. लहानपणी आईजवळ प्रार्थनेस बसणारी मनोरमा पुढे ब्रेल लिपी शिकली आणि केडगावच्या अंध मुलींना वाचावयास शिकवू लागली.