फार्सीचा अध्यापक आणि मराठीचे छंदःशास्त्र : माधव जूलियन

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात वृत्तविचार शिकविताना ज्या ग्रंथाला वळसा घालून पुढे जाता येत नाही, तो 'छंदोरचना' हा ग्रंथ मराठीच्या अध्यापकाने लिहिलेला नाही. त्याचे कर्ते माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन, हे व्यवसायाने फार्सीचे अध्यापक होते. ही गोष्ट केवळ चरित्रातील एक तपशील म्हणून नोंदविली जाते. वस्तुतः त्यांच्या छंदोविचाराचे सामर्थ्य आणि त्यांच्या कवितेतील एक पेच या दोहोंचे मूळ तेथेच आहे.

२१ जानेवारी १८९४ रोजी बडोद्यात त्यांचा जन्म झाला. शिक्षण बडोदे व मुंबई येथे झाले. १९१८ ते १९२४ या काळात ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात फार्सी शिकवीत होते. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे ते प्रमुख कवी. यशवंत, गिरीश आदी मंडळींच्या या गटाने कविता श्रोत्यांपुढे म्हणण्याची प्रथा रूढ केली. कविता कानाने पारखण्याची ही सवय पुढील शास्त्रविचाराच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते. १९२५ मध्ये त्यांचा फार्सी-मराठी कोश निघाला आणि दोनच वर्षांनी, १९२७ मध्ये, 'छंदोरचने'ची पहिली आवृत्ती. १९२८ पासून ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात होते.

पटवर्धनांपूर्वी मराठीत वृत्तदर्पणे नव्हती असे नाही. परंतु त्यांचा भर संस्कृत गणवृत्तांवर असे. ओवी-अभंगांची गाठ पडली की गणांची मोजपट्टी निरुपयोगी ठरे. पटवर्धनांनी मराठी पद्याचे वृत्त, जाती आणि छंद असे तीन वर्ग पाडले. वृत्तात लघुगुरूंचा क्रम ठरलेला असतो. जातीत अक्षरे कमीअधिक झाली तरी चालते, मात्रांची आवर्तने मात्र मोडता कामा नयेत. आठ मात्रांचे पद्मावर्तन, सहांचे भृंगावर्तन, पाचांचे अग्न्यावर्तन ही नावे विद्यार्थी पाठ करतात ती याच व्यवस्थेतून आलेली. छंदात अक्षरसंख्या मोजायची, आणि तेथे लघु अक्षरही म्हणताना गुरूसारखे लांबते. मोठ्या अभंगाचा सहा-सहा-सहा-चार असा साचा डोळ्यांनी पाहून हे उमगत नाही. अभंग म्हणून पाहावा लागतो. वर्गात हल्ली फळ्यावर गण पाडले जातात, म्हणून मात्र कोणी दाखवीत नाही, हा दोष ग्रंथाचा नव्हे.

दोन परंपरांचा शेजार येथे उपयोगी पडला. भुजंगप्रयात म्हणजे चार यगण, प्रत्येकी लघु-गुरु-गुरु. फार्सी छंदःशास्त्रातील 'फऊलुन' या गणाचा क्रमही तोच आहे. शाहनाम्याचे वृत्त आणि मनाच्या श्लोकांचे वृत्त इतके जवळचे आहेत की शेवटच्या गणापाशीच काय तो फरक पडतो. दोन्ही शास्त्रे जाणणाऱ्याला वृत्त ही एका भाषेची मिरास वाटणे शक्य नव्हते.

पेच येथूनच सुरू होतो. १९३३ च्या 'गज्जलांजली'ने फार्सी वृत्ते मराठीत आणली आणि ती रुजलीही. पण गझल हे केवळ वृत्त नव्हे, तो काव्यप्रकार आहे. यमक आणि अंत्यपद सांभाळूनही प्रत्येक शेर स्वतंत्र, आपल्यापुरता पूर्ण असावा लागतो. फार्सीच्या अध्यापकाला हे ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? तरीही त्यांच्या अनेक गज्जला एकाच भावाचा धागा धरून चालतात, भावगीतासारख्या. जातिवृत्तांत सूक्ष्म भेद करणाऱ्या या शास्त्रज्ञाने वृत्त आणि प्रकार यांतील भेद स्वतःच्या रचनेत मात्र सैल सोडला. त्या काळच्या मराठी वाचकाला सुटे शेर कविता म्हणून पटले नसते, असा बचाव करता येईल. तो पुरेसा वाटत नाही. शेराच्या स्वायत्ततेचा आग्रह मराठीत ठामपणे धरला गेला तो पुढे सुरेश भटांकडून.

'विरहतरंग' (१९२६), 'सुधारक' (१९२८) ही खंडकाव्ये आणि 'तुटलेले दुवे' (१९३८) ही सुनीतमाला यांत प्रकाराची जाण अधिक पक्की दिसते. खय्यामच्या रुबायांची मराठी रूपेही त्यांनी सिद्ध केली. आणि हाच कोशकार १९३८ मध्ये 'भाषाशुद्धिविवेक' लिहून मराठीतील फार्सी शब्दांविरुद्ध उभा राहिला! शब्द परके, वृत्त मात्र आपले, ही भूमिका तर्काला अवघड आहे; पण ती त्यांनी प्रामाणिकपणे पत्करली होती.

१९३६ मध्ये जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. 'छंदोरचने'ची वाढविलेली आवृत्ती १९३७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यासाठी मुंबई विद्यापीठाने १९३८ मध्ये त्यांना डी. लिट्. दिली. २९ नोव्हेंबर १९३९ रोजी ते वारले, तेव्हा त्यांचे वय पंचेचाळीस होते.