खाडाखोडीतून उमटलेले चेहरे

सन १९२४ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर पेरू देशाकडे निघाले असता वाटेत आजारी पडले. अर्जेंटिनात व्हिक्टोरिया ओकाम्पो या विदुषीने त्यांची शुश्रूषा केली. तेथे ते कविता लिहीत. लिहिताना खाडाखोड व्हायचीच; पण वहीतील ते विद्रूप डाग त्यांस पाहवेनात. म्हणून खोडलेले शब्द ते रेघांनी एकमेकांस जोडू लागले. त्यातून कधी एखादा पक्षी, कधी अनोळखी श्वापद, तर कधी माणसाचा चेहरा उमटे. ओकाम्पोबाई ती पाने पाहून चकित झाल्या.

रवींद्रनाथांचे वय त्या वेळी ६३ वर्षांचे होते. १९१३ सालच्या नोबेल पारितोषिकाने त्यांचे नाव जगभर झाले होते. चित्रकलेचे रीतसर शिक्षण मात्र त्यांनी घेतले नव्हते. पूर्वी एकदा त्यांनी चित्रे काढून पाहिली होती. परंतु पेन्सिलीपेक्षा रबराचाच उपयोग अधिक होतो, असे त्यांच्या ध्यानी आले. त्यांचे पुतणे अवनींद्रनाथ व गगनेंद्रनाथ हे तर नामांकित चित्रकार. अशा घरात उतारवयात नवशिक्याप्रमाणे कागद घेऊन बसावयाचे, हे काही सोपे नव्हे.

तरीही ते बसले. रंगीत शाई, जलरंग, हाताशी येईल ते त्यांनी वापरले. कुंचल्यावाचून त्यांचे अडत नसे. लेखणीने, चिंधीने, प्रसंगी बोटांनीही ते रंग पसरीत. बहुतेक चित्रे एकाच बैठकीत पुरी होत. त्यांत चेहरे फार. काळोख्या पार्श्वभूमीवर लांबट चेहऱ्याची, डोक्यावर पदर घेतलेली स्त्री वारंवार दिसते. तिचे टपोरे डोळे आपल्याकडे रोखलेले असतात; ती दुःखी आहे की केवळ गप्प, हे ठरवता येत नाही.

१९३० च्या मे महिन्यात पॅरिस येथे त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले. ते भरविण्यास ओकाम्पोबाईच धावून आल्या. थोर कवीचा हा पोरखेळ आहे, असे कोणी म्हटले असते तर? परंतु रसिकांनी चित्रे आदराने पाहिली. पुढे बर्लिन, मॉस्को, न्यूयॉर्क येथेही ती गेली.

चित्रांना नावे देण्याचे ते बहुधा टाळीत. शब्दांवर ज्यांची हुकमत, त्यांनीच येथे मौन धरले! १९३४ च्या सुमारास त्यांनी आपल्याच छापील चित्राच्या प्रती घेतल्या व त्यांवर शाई आणि रंग चढविले. प्रत्येक प्रतीत निराळाच माणूस दिसू लागला. एकीत तर दाढी लोपून स्त्रीचा चेहरा प्रकटला.

७ ऑगस्ट १९४१ रोजी ते निवर्तले. तोवर त्यांच्या चित्रांची संख्या दोन हजारांवर गेली होती.