तयारी मोठी की भाव? केसरबाई केरकरांची भैरवी ऐका

अनवट राग, पेचदार ताना, लयीचा कडक हिशोब. जयपूर-अत्रौली घराण्याचं गाणं म्हटलं की आधी आठवते ती तयारी. मग यात भाव उरतो का?

केसरबाई केरकरांचं उदाहरण घ्या. १८९२ मध्ये गोव्यातल्या केरी गावात जन्म. पुढे मुंबईत १९२१ पासून अल्लादिया खाँसाहेबांची तालीम सुरू झाली, ती १९४६ मध्ये खाँसाहेब जाईपर्यंत चालली. १९६९ मध्ये पद्मभूषण मिळालं.

पण नासाच्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली ती त्यांची साधारण साडेतीन मिनिटांची भैरवी, ‘जात कहाँ हो’. घोटून तयार केलेला तोच गळा इथे निघालेल्या माणसाला आर्जवाने अडवतो. तालीम नसती, तर हे आर्जव इतकं सहज उमटलं नसतं.

व्हॉयेजर १ उडालं ५ सप्टेंबर १९७७ ला. अकराच दिवसांनी केसरबाई गेल्या.