फळ्यामागचे डबे

दरवर्षी ७ नोव्हेंबरला आपण विद्यार्थी दिवस साजरा करतो. १९०० साली याच दिवशी भिवा रामजी आंबेडकर हे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर चढले. गोणपाटाची आठवण भाषणांत हमखास निघते. ते घरून आणायचे, कोपऱ्यात अंथरायचे, शाळा सुटली की परत न्यायचे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडला तरच पाणी.

मला जास्त बोचतो तो मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधला प्रसंग. शिक्षकांनी गणित सोडवायला भीमरावांना फळ्याजवळ बोलावले. लगेच वर्गातली मुले आरडाओरडा करत धावली आणि फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे त्यांनी दूर सारले. साताऱ्यात शिपाई होता, इथे वर्गमित्रच पुढे होते. ती पोरे जात्याच दुष्ट होती असे मी म्हणणार नाही. घरात पाहिले तेच त्यांनी वर्गात केले. शाळेने त्यांना गणित शिकवले, पण बाकावरचा सोबती आपल्या बरोबरीचा आहे हे शिकवायचे राहून गेले.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. पुढे कोलंबिया, लंडन. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर तिथल्या काही सहकाऱ्यांनी सामायिक पाण्याच्या भांड्यावरून हरकत घेतली. म्हणजे नुसत्या पदव्यांनीही हा रोग जात नाही! २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्यायले.

संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी-तलाव आले, १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, २९ ने सरकारी मदतीच्या शाळा-कॉलेजात जातीवरून प्रवेश नाकारण्यास बंदी केली. पण दार उघडल्यावर आत कोण कसे वागेल? संवैधानिक नीतिमत्ता माणसात उपजत नसते, ती मुद्दाम रुजवावी लागते, हे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बजावले होते. आज सातवी-आठवीच्या वर्गात आडनाव विचारून टोमणे मारले जातात, आणि नागरिकशास्त्र मात्र इतिहासाच्या पुस्तकाच्या मागच्या पानांत, परीक्षेपुरते.

बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले, सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी. तिथे विद्यार्थ्यांची संसद भरत असे.