फ्रिट्झ हाबर

फ्रिट्झ हाबर (९ डिसेंबर १८६८ – २९ जानेवारी १९३४) हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ होते. मराठीत त्यांच्या नावाचे हेबर असेही लेखन आढळते. हवेतील नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्या थेट संयोगाने अमोनिया तयार करण्याची पद्धत त्यांनी शोधली. त्याबद्दल त्यांना १९१८ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कार्ल बॉश यांनी ही पद्धत कारखान्यात उतरवली, म्हणून ती हाबर-बॉश प्रक्रिया या नावाने ओळखली जाते. पहिल्या महायुद्धात जर्मनीने केलेल्या विषारी वायूच्या वापरामागेही हाबर यांचाच पुढाकार होता.

पूर्वायुष्य

हाबर यांचा जन्म प्रशियातील ब्रेस्लाउ (आताचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) येथे एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांच्या जन्मानंतर तीन आठवड्यांतच आईचे निधन झाले. वडील रंगद्रव्ये व औषधे यांचे व्यापारी होते. बर्लिन व हायडेलबर्ग येथे शिक्षण घेऊन हाबर यांनी १८९१ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि पुढच्या वर्षी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८९४ पासून ते कार्ल्सरूहे येथील तांत्रिक महाविद्यालयात काम करू लागले आणि १९०६ मध्ये तेथेच प्राध्यापक झाले. १९०१ मध्ये त्यांचा विवाह क्लारा इमरवार यांच्याशी झाला. क्लारा स्वतः रसायनशास्त्रज्ञ होत्या. ब्रेस्लाउ विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

नायट्रोजनचा प्रश्न

हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नायट्रोजन असला तरी वनस्पतींना तो थेट घेता येत नाही. नायट्रोजनच्या रेणूतील दोन अणू अतिशय घट्ट बांधलेले असतात. हा बंध तोडून नायट्रोजन पिकाला उपलब्ध करून देण्याचे काम निसर्गात प्रामुख्याने काही जिवाणू करतात. धाराशिव जिल्ह्यातील शेतीत याचा परिणाम सहज दिसतो. तूर, हरभरा आणि सोयाबीन यांच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात व पिकाची नत्राची बरीचशी गरज भागवतात. ज्वारी आणि ऊस यांच्या मुळांवर अशा गाठी नसतात, त्यामुळे त्यांना नत्र जमिनीतून, शेणखतातून किंवा बाहेरून दिलेल्या खतातून मिळवावे लागते. जुन्या शेतीत ज्वारीसोबत तूर घेण्याची किंवा पिकाची फेरपालट करण्याची पद्धत होती, तिचा एक लाभ हाच होता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपची वाढती लोकसंख्या अशा फेरपालटीवर पोसणे अवघड झाले होते. बाहेरून मिळणारे नत्र मुख्यतः चिलीच्या वाळवंटातील सोऱ्यातून येई. हे साठे संपल्यास गव्हाचा तुटवडा पडेल, असा इशारा ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम क्रुक्स यांनी १८९८ मध्ये दिला होता. जर्मनीला आणखी एक धास्ती होती. सोरा समुद्रमार्गे येत होता आणि स्फोटकांसाठीही तोच लागत असे.

अमोनियाचे संश्लेषण

नायट्रोजनचा एक रेणू आणि हायड्रोजनचे तीन रेणू यांच्यापासून अमोनियाचे दोन रेणू बनतात व उष्णता बाहेर पडते. अडचण याच उष्णतेत आहे. तापमान वाढवले की अभिक्रिया वेगाने होते, पण समतोल उलट दिशेला सरकून बनलेला अमोनिया पुन्हा विघटित होतो. तापमान कमी ठेवले तर अभिक्रिया जवळजवळ होतच नाही. १९०४-०५ च्या सुमारास हाबर यांनी साधारण १००० अंश सेल्सिअसला प्रयोग केले, तेव्हा वायूच्या दहा हजार भागांत अमोनियाचा जेमतेम एखादा भाग मिळाला. ही पद्धत व्यवहार्य नाही असे समजून त्यांनी विषय बाजूला ठेवला.

तो पुन्हा हाती घेण्यास एक वाद कारणीभूत ठरला. वाल्टर नेर्न्स्ट या मान्यवर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये हाबर यांचे आकडे चुकीचे असल्याचे जाहीर सभेत सांगितले. दुखावलेल्या हाबर यांनी रॉबर्ट ले रॉसिन्यॉल या इंग्रज सहकाऱ्यासह, या वेळी अधिक दाबाखाली, मोजमापे पुन्हा केली. वायूचे चार भाग एकत्र येऊन दोनच होत असल्याने दाब वाढवल्यास समतोल अमोनियाच्या बाजूला झुकतो. दाब सुमारे २०० वातावरणांपर्यंत नेला आणि चांगला उत्प्रेरक वापरला, तर तापमान ६०० अंशांच्या खाली ठेवता येते, हे त्यांच्या लक्षात आले. तरीही वायूच्या एका फेरीत थोडाच अमोनिया बनत होता. म्हणून त्यांनी बनलेला अमोनिया थंड करून द्रवरूपात वेगळा काढला आणि उरलेला वायू पुन्हा त्याच चक्रात फिरवला. आजचा प्रत्येक अमोनिया कारखाना याच कल्पनेवर चालतो. प्रयोगात बसेल असे उच्च दाबाचे उपकरण ले रॉसिन्यॉल यांनी घडवले. त्यांच्या वाट्याला मात्र फारच कमी प्रसिद्धी आली.

२ जुलै १९०९ रोजी बीएएसएफ कंपनीचे बॉश आणि आल्विन मिटाश प्रात्यक्षिक पाहण्यास आले. उपकरणात ऐनवेळी बिघाड झाला आणि दुरुस्ती होईपर्यंत बॉश निघून गेले. थेंबथेंब जमणारा द्रव अमोनिया मिटाश यांनी पाहिला व त्यांची खात्री पटली.

हाबर यांचा उत्प्रेरक ऑस्मियम हा अत्यंत दुर्मीळ धातू होता. मिटाश यांनी हजारो चाचण्यांनंतर ॲल्युमिना व पोटॅशियमची संयुगे मिसळलेले लोह शोधले. आजही मुख्यतः असाच उत्प्रेरक वापरला जातो. बॉश यांच्यापुढील अडचण पोलादाची होती. तापलेला हायड्रोजन पोलादात शिरून त्यातील कार्बन काढून घेई व पात्रे सुमारे ऐंशी तासांत फुटत. त्यांनी आत मऊ लोखंडाचे अस्तर दिले आणि बाहेरच्या पोलादी भिंतीला बारीक छिद्रे पाडून झिरपणाऱ्या हायड्रोजनला वाट करून दिली. सप्टेंबर १९१३ मध्ये ओपाऊ येथे उत्पादन सुरू झाले.

महायुद्ध

१९११ पासून हाबर बर्लिनमधील कैसर विल्हेल्म भौतिक रसायनशास्त्र संस्थेचे संचालक होते. १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटिश नौदलाने चिलीच्या सोऱ्याचा मार्ग रोखला. त्यानंतर अमोनियापासून नायट्रिक आम्ल व त्यापासून स्फोटके बनवली जाऊ लागली. खतासाठी उभारलेल्या पद्धतीने जर्मनीचा दारूगोळा चालू ठेवला.

२२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे हाबर यांच्या देखरेखीखाली सुमारे दीडशे टन क्लोरीन सोडण्यात आला. चार दिवसांनी त्याच आघाडीवर लाहोर डिव्हिजनच्या भारतीय सैनिकांनाही वायूचा सामना करावा लागला. त्या लढाईतील शौर्याबद्दल जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २ मे १९१५ रोजी क्लारा यांनी पतीच्या पिस्तुलाने आत्महत्या केली. वायुयुद्धाला विरोध हेच त्याचे कारण सांगितले जाते, परंतु वैवाहिक ताण आणि संशोधनाला मुकल्याचे दुःखही त्यामागे होते असे अनेक अभ्यासक मानतात. हाबर लगेच पूर्व आघाडीवर रवाना झाले.

अखेरची वर्षे

नोबेल पारितोषिकाची घोषणा १९१९ मध्ये झाली, तेव्हा दोस्त राष्ट्रांतील शास्त्रज्ञांनी तीव्र आक्षेप घेतला. जर्मनीची युद्धभरपाई फेडण्यासाठी समुद्राच्या पाण्यातून सोने काढण्याचा हाबर यांचा प्रयत्न फसला. पाण्यात सोने अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी निघाले.

१९३३ मध्ये नाझी सरकारने ज्यू कर्मचाऱ्यांना सरकारी सेवेतून काढण्याचा कायदा केला. युद्धसेवेमुळे हाबर यांना स्वतःला सूट होती, पण सहकाऱ्यांना काढून टाकण्याऐवजी त्यांनी राजीनामा दिला. काही काळ केंब्रिजला राहिल्यानंतर स्वित्झर्लंडमधील बाझल येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार क्लारा यांच्या अस्थी तेथेच त्यांच्याशेजारी ठेवण्यात आल्या. त्यांच्या संस्थेत कीटकनाशक म्हणून अभ्यासलेल्या सायनाइड वायूच्या उत्पादनांतून पुढे आलेले झायक्लॉन बी नाझींनी छळछावण्यांत वापरले. त्या छावण्यांत मारल्या गेलेल्यांत हाबर यांचे नातेवाईकही होते.

महाराष्ट्रातील वापर

महाराष्ट्रात तुर्भे (ट्रॉम्बे) येथील खत कारखान्यात १९६५ मध्ये उत्पादन सुरू झाले. १९७८ पासून तो राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सकडे आहे. सुफला हे खत तेथलेच. याच कंपनीचा अलिबाग तालुक्यातील थळ येथील मोठा प्रकल्प १९८० च्या दशकात मुंबई हायच्या नैसर्गिक वायूवर उभा राहिला. या वायूवर वाफेची क्रिया करून हायड्रोजन मिळवतात, नायट्रोजन हवेतून घेतात आणि वेगळ्या निघालेल्या कार्बन डायऑक्साइडशी अमोनियाचा संयोग करून युरिया बनवतात. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे सुमारे २१ किलो नत्र असते व ती बनवण्यास साधारण २५ किलो अमोनिया लागतो. धाराशिवच्या उसाला किंवा ज्वारीला पडणारा युरिया कोणत्याही कारखान्यातून आलेला असो, त्यातील नत्र लोहाच्या उत्प्रेरकावरूनच गेलेले असते.