समुद्रावर हक्क कोणाचा? सरखेल कान्होजी आंग्रे यांची जीवनकथा

डिसेंबर १७२१. अलिबागसमोरचा समुद्र परकी शिडांनी भरून गेला होता. इंग्लंडच्या राजाच्या आरमारातील चार मोठी लढाऊ जहाजे कमोडोर थॉमस मॅथ्यूज यांच्या हुकमतीखाली येऊन दाखल झाली होती. मुंबईकर इंग्रजांचा तांडा त्यांच्या सोबतीला होता आणि चौलच्या बाजूने पोर्तुगीजांची फौज जमिनीवरून चालून येत होती. एकमेकांकडे सदैव संशयाने पाहणाऱ्या या दोन सत्तांना एकत्र आणणारा माणूस कुलाब्याच्या किल्ल्यात होता. मराठ्यांच्या दफ्तरात तो सरखेल होता, तर कंपनीच्या कागदपत्रांत चाचा. या दोन शब्दांमधील अंतर हीच कान्होजी आंग्रे यांच्या आयुष्याची कहाणी आहे.

आंग्रे घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून ते आंग्रे म्हणून ओळखले जाऊ लागले. कान्होजींचे वडील तुकोजी हे छत्रपती शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा. हर्णैच्या किनाऱ्यासमोर, भर पाण्यात उभा असलेला सुवर्णदुर्ग ही त्यांच्या तरुणपणातील कर्तबगारीची जागा. किल्लेदार फितूर होऊन किल्ला जंजिऱ्याच्या सिद्दीच्या हवाली करण्याच्या बेतात असताना कान्होजींनी पुढाकार घेऊन तो वाचविला, असे परंपरा सांगते.

तो काळ स्वराज्यावरील सर्वांत मोठ्या संकटाचा होता. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला आणि राजाराम महाराजांना दूर जिंजीचा आश्रय घ्यावा लागला. मोगली फौजा किल्ल्यामागून किल्ला घेत असताना कोकणचा किनारा जवळपास निराधार झाला होता. अशा वेळी कान्होजींनी किनाऱ्यावरील ठाणी राखली आणि गमावलेली एकेक करून परत मिळविली. सिधोजी गुजर यांच्या निधनानंतर १६९८ च्या सुमारास आरमाराचे सरखेलपद त्यांच्याकडे आले.

पद मोठे होते, पण त्यामागे खजिना नव्हता. आरमार उभे करायचे तर त्याचा खर्च समुद्रानेच द्यायला हवा होता. कान्होजींनी त्यासाठी निवडलेला मार्ग नवा नव्हता. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज हिंदी महासागरातील व्यापाऱ्यांना आपला परवाना घ्यायला लावत आणि तो नसलेले जहाज जप्त करीत. बलाढ्य मोगलांच्या जहाजांचीही त्यातून सुटका नव्हती. हाच नियम कान्होजींनी कोकण किनाऱ्याला लावला. या पाण्यातून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने सरखेलांचा दस्तक घ्यावा. न घेणाऱ्याला अडविले जाईल. युरोपीय सत्तांच्या हाती असताना जो सागरी अधिकार मानला गेला, तोच एका मराठी सरदाराच्या हाती येताच चाचेगिरी ठरला. जप्त होणाऱ्या मालाच्या धन्यांना हा फरक फारसा दिलासा देणारा नव्हता, हेही खरे. कान्होजींचा हात कठोर होता आणि त्यांच्या गुराबा दिसल्या की व्यापाऱ्यांच्या छातीत धडकी भरे.

नोव्हेंबर १७१२ मध्ये या संघर्षाला धार चढली. मुंबईचे गव्हर्नर विल्यम आयस्लॅबी यांची सशस्त्र नौका कारवारच्या मार्गावर असताना कान्होजींच्या आरमाराने पकडली. कंपनीच्या कारवार वखारीचा प्रमुख झटापटीत मारला गेला आणि त्याची तरुण पत्नी कैद झाली. तीस हजार रुपयांची खंडणी दिल्यानंतर १७१३ मध्ये तिची सुटका झाली. त्याच वर्षी कंपनीला कान्होजींशी तह करणे भाग पडले. मात्र दोन्ही बाजूंचा विश्वास इतका तोकडा होता की तो तह फार काळ टिकला नाही.

त्याच सुमारास मराठी राज्यातील दुहीचाही निकाल लागायचा होता. शाहू महाराज आणि ताराबाई यांच्या वादात कान्होजी ताराबाईंच्या पक्षाला होते. त्यांच्यावर चालून आलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांनी कैद केले, तेव्हा साताऱ्यालाच धोका निर्माण झाला. शाहू महाराजांनी पेशवेपद बाळाजी विश्वनाथांना दिले आणि त्यांनाच कुलाब्याकडे पाठविले. मूळचे श्रीवर्धनचे असलेले बाळाजी कोकण ओळखून होते. तलवारीऐवजी बोलणी झाली. खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आदी किल्ले आणि सरखेलपद कान्होजींकडे कायम राहिले. कान्होजींनी शाहू महाराजांचे स्वामित्व मान्य केले. या समेटाने समुद्राची सत्ता आणि घाटमाथ्याची सत्ता एका सूत्रात बांधली गेली.

कान्होजींच्या आरमाराचे बळ जहाजांच्या आकारात नव्हते. दोन-तीन डोलकाठ्यांच्या गुराबा आणि वल्ह्यांनी चालणारी चपळ गलबते ही त्यांची मुख्य साधने. ही जहाजे उथळ पाण्यातून जात. पाठलाग झालाच तर खाडीत शिरत, जिथे मोठ्या विलायती जहाजांना प्रवेश नसे. वारा पडला की युरोपीय जहाज जागीच खिळे, तेव्हा गलबते वल्ह्यांच्या जोरावर गुराबांना ओढून नेत आणि शत्रूच्या पिछाडीवर तोफा डागत. पुरेसा मारा झाला की सर्व बाजूंनी माणसे शत्रूच्या जहाजावर चढत. कोळी, भंडारी, खारवी आणि मुसलमान दर्यावर्दींना वारा, भरती-ओहोटी आणि खडक ठाऊक होते. तेच या आरमाराचे खरे भांडवल.

१७१५ च्या अखेरीस गव्हर्नर म्हणून आलेल्या चार्ल्स बून यांनी कान्होजींचा निकाल लावण्याचा विडा उचलला. मुंबईभोवती तट बांधला, नवी लढाऊ जहाजे तयार केली. १७१८ मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या खांदेरीवर हल्ला झाला, तो फसला. १७२० मध्ये खास बनविलेला तरंगता तोफखाना घेऊन इंग्रज विजयदुर्गावर गेले. तेथूनही हात हलवीत परतले. अखेरचा मोठा प्रयत्न म्हणजे १७२१ ची कुलाब्यावरील संयुक्त मोहीम.

ती मोहीम किल्ल्याच्या तटापाशी फुटली. शिड्या लावून चढण्याचा प्रयत्न मराठ्यांनी मोडून काढला. पहिल्या बाजीरावांचे घोडदळ मदतीला धावून आले आणि दोस्तांच्या फौजेत गोंधळ उडाला. खुद्द मॅथ्यूज यांच्या मांडीत भाला घुसला. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी मराठ्यांशी स्वतंत्र तह केला आणि इंग्रज संतापाने एकटेच माघारी फिरले. १७२४ मध्ये डचांनी विजयदुर्गावर नशीब अजमावले. त्यांनाही यश आले नाही. कुलाबा तगला तो केवळ तटबंदीमुळे नव्हे. समुद्रावरच्या सरखेलाच्या पाठीशी जमिनीवरचा पेशवा उभा होता म्हणून.

१७२९ मध्ये कान्होजींचे निधन झाले. कर्तबगार थोरला मुलगा सेखोजी काही वर्षांतच, १७३३ मध्ये, वारला. पुढे संभाजी आणि मानाजी या भावांत वाटणी झाली, वैर वाढले. विजयदुर्गावर आलेल्या तुळाजी आंग्रे यांचे पेशव्यांशी बिनसले, तेव्हा बाजीरावांचे पुत्र नानासाहेब पेशवे यांनी तुळाजींविरुद्ध इंग्रजांशीच हातमिळवणी केली. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन यांच्या जहाजांनी विजयदुर्गावर भडिमार केला. एका जहाजाला लागलेली आग पसरत गेली आणि आंग्र्यांचे आरमार नांगरलेल्या जागीच जळून खाक झाले. तुळाजींना पेशव्यांच्या कैदेतून अखेरपर्यंत सुटका मिळाली नाही. चार दशकांपूर्वी बाळाजी विश्वनाथांनी जोडलेले सूत्र त्यांच्याच नातवाने तोडले होते. पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना अडवू शकेल असे मराठी आरमार त्यानंतर पुन्हा उभे राहिले नाही.

कान्होजींची समाधी अलिबागेत आहे. स्वतंत्र भारताच्या नौदलाने १९५१ मध्ये मुंबईतील आपल्या तळाला ‘आय. एन. एस. आंग्रे’ हे नाव दिले. या तळाच्या आवारात मुंबईचा जुना किल्ला आहे. कान्होजींना चाचा ठरविणाऱ्या कंपनीच्या सत्तेचे केंद्र एकेकाळी हाच किल्ला होता. तेथे आज सरखेलांचा पुतळा उभा आहे.